आहे तसं धरा

१

आमच्या यार्डात दिवसभर कुणी ना कुणी ‘थांब’ म्हणत असतं. थांब, बिडी पेटवू दे. थांब रे, पळतोस कुठे? थांब, तुला दाखवतोच आता. म्हणून दादा ज्या दिवशी जिवाच्या आकांताने ‘थांब’ म्हणून ओरडला, त्या दिवशी कुणीच थांबलं नाही. लोखंडी गाड्याचं चाक त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरून गेलं. दोन बोटं कायमची गेली. चूक कुणाची, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकाच सुरात सांगितलं, “कुणाचीच नाही.”

हे उत्तर मला आजही मान्य नाही.

आम्ही बोटी दुरुस्तीसाठी पाण्यातून वर ओढतो. सिमेंटचा एक रुंद उतार थेट पाण्यात शिरतो. त्यावर रूळ आहेत आणि रुळांवर चाकांचा गाडा. भरतीच्या वेळी गाडा पाण्याखाली सोडायचा, बोट तरंगत त्याच्यावर आणायची, पाणबुड्याने खाली उतरून ती नीट बसली का ते पाहायचं, आणि मग विंचने वायरचा दोर गुंडाळत सगळं हळूहळू वर घ्यायचं. माझा दादा हा तो पाणबुड्या. विंच आहे वर, एका जाड भिंतीमागच्या खोलीत, कारण वायर तुटली तर ती माणसाला मधोमध कापते. भिंतीमुळे विंचवाला वाचतो, पण त्याला उतार अजिबात दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. उतारापासून त्याच्या खोलीपर्यंत एक पितळी नळी गेली आहे. तिला खाली तीन तोंडं : एक शेडच्या दारात, जिथून विंचच्या खोलीचा जिना चढतो, एक उताराच्या मध्यावर, आणि एक अगदी खाली, पाण्याच्या काठाशी. प्रत्येक तोंडावर स्प्रिंगचं झाकण. झाकण उघडून बोलायचं आणि हात काढला की ते आपोआप ‘टक्’ करून मिटतं. एका तोंडाशी बोललेलं वर खोलीत तर जातंच, पण बाकीच्या तोंडांतूनही यार्डभर ऐकू येतं.

शिक्षण संपवून मी त्याच यार्डात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. हे पद आधी नव्हतं. मीच मालकाशी भांडून ते निर्माण करायला लावलं. पहिल्याच दिवशी मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “या आल्या आपल्याला जिवंत ठेवायला. आजवर आपण मेलेलेच होतो.”

माझ्याजवळ एक शब्द होता. कॉलेजात असताना जहाजांच्या शब्दकोशात सापडलेला : अव्हास्ट. शिडांच्या जहाजांवरची इंग्रजी आज्ञा. दोर ओढणाऱ्यांनी हा शब्द ऐकला की तत्काळ थांबायचं. पण अर्थ नुसता थांबण्याचा नाही. थांबून दोर सोडला तर वरचं ओझं माणसांच्या डोक्यावर येतं. म्हणून ओढायचंही नाही, सोडायचंही नाही. जिथे आहात तिथे, जसं आहे तसं धरून ठेवायचं. आणखी मागे गेलं तर एका दुसऱ्याच भाषेत त्याचं मूळ ‘घट्ट धर’ असं सांगतात.

मला तो शब्द आवडला, कारण आमच्याकडे त्याचा दुसरा कसलाच उपयोग नव्हता. तो कुणी चुकून उच्चारणार नव्हता आणि थट्टेत वापरणार नव्हता. कोरा, धारदार शब्द.

२

शब्द मी शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवला आणि नियम घडवले. हा शब्द कुणीही म्हणावा, मालकाने किंवा झाडूवाल्याने. शब्द आला की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं, विचार नंतर. कुणी म्हटलं, हे विचारायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. कारण ‘कोण रे तो?’ या प्रश्नाच्या भीतीनेच गरीब माणूस तोंड उघडत नाही. आणि ज्याने थांबवलं त्यानेच ‘चला’ म्हणून सोडवायचं. दुसऱ्या कुणी नाही. नाहीतर मुकादम पुढच्याच क्षणाला ‘चला’ म्हणून मोकळा झाला असता.

नळीचा एक गुण मला फार भावला होता. ती सगळे आवाज सारखे करते. वर पोचेपर्यंत बाई-पुरुष, म्हातारा-तरुण, काही कळत नाही. सगळ्यांचा एकच पितळी आवाज. मी सभेत म्हणालेसुद्धा, “या यार्डात एक तरी जागा आहे जिथे सगळ्यांच्या आवाजाला सारखी किंमत आहे!”

“म्हणजे कुणालाच नाही,” मागून मुकादम म्हणाला, आणि लोक हसले.

मी रोज सराव घेतला. जेवताना, गप्पा मारताना, कुणी जांभई देताना मी अचानक नळीत तोंड घालून शब्द उच्चारायचे. आधी टिंगल झाली. मला ‘डिक्शनरी’ असं नाव पडलं. “अगं डिक्शनरी, ‘पगारवाढ’ हा शब्द आहे का तुझ्यात?” मी पर्वा केली नाही. हळूहळू शरीरं शिकली. एकदा मुकादम रंगाऱ्याला शिवी देत होता, मी शब्द म्हटला आणि शिवी अर्ध्यावर राहिली. त्याचं तोंड तसंच उघडं. तेव्हा मला कळलं, जमलं.

सगळ्यात चांगला थांबायचा विंचवाला. त्याला सगळे घोरपड म्हणतात, कारण विंचचा दांडा त्याने एकदा धरला की धरला. जाडजूड, आळशी, सदा कुरकुरणारा माणूस. त्याला माझा नियम आवडला होता तो भलत्याच कारणाने. “बसल्याजागी थांबायचा पगार,” तो म्हणायचा, “देव तुझं भलं करो, डिक्शनरी.”

आणि शब्दाने काम केलं. झाडूवालीने एका सकाळी उताराच्या मध्यावरून शब्द दिला, कारण गाड्याखाली वेल्डर अजून आडवा पडलेला तिला दिसला. घोरपड थांबला. वेल्डर सरपटत बाहेर आला. झाडूवालीने ‘चला’ म्हटलं. कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि ती दिवसभर मान ताठ करून झाडत होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस होता.

३

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, एक मासेमारी बोट वर घेत होतो. मी विंचच्या खोलीत घोरपडीशी तेलाच्या गळतीवरून वाद घालत उभी होते.

“अव्हास्ट,” नळीतून आलं.

घोरपडीचा हात गोठला. मीही थांबले, बोट तेलाच्या डागाकडे रोखलेलं तसंच. बाहेर हातोड्या थांबल्या, ब्रश थांबले. यार्डात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. ताणलेली वायर तेवढी बारीक कुरकुरत होती.

‘चला’ यायला नेहमी दहा-बारा श्वास लागायचे. या वेळी ते येईना. माझ्या दंडाला मुंग्या आल्या. घोरपडीच्या कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तरी तो पुसायला हात हलवेना. मला वाटलं, हसावं आणि म्हणावं, अरे पूस की. पण मीही हलत नव्हते. नियम माझाच होता.

मग, कितीतरी वेळाने, तोच आवाज म्हणाला, “चला.” अगदी सावकाश. नव्याने शिकलेला शब्द माणूस जसा जिभेवर ठेवून पाहतो, तसा.

काम सुरू झालं. मी खाली गेले. काय धोका होता, हे तर विचारू शकत होते! तो प्रश्न नियमात बसत होता. पण प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता.

“तुमचाच सराव असेल,” मुकादम म्हणाला.

“मी वर होते.”

“मग आमच्यातल्याच कुणाची तरी गंमत. विचारू का, कोण म्हणालं?” तो दात काढून हसला. “अरे हो, विचारायचं नाही, नाही का?”

मी रागाने परत फिरले, तेव्हा मला ते दिसलं. पाणी जिथवर चढतं, तिथे उतारावर शेवाळाची हिरवी रेघ आहे. तिच्या बऱ्याच वर, कोरड्या सिमेंटवर एक ओला डाग होता. बसलेल्या माणसाएवढा. बोटीतून पाणी ठिबकलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पण बोट रुळांवर होती आणि डाग रुळांपासून लांब, भिंतीकडे.

जिना चढताना आणखी एक गोष्ट आठवली. शब्द आला, पण ‘टक्’ आलं नव्हतं. झाकण उघडल्याचं नाही, मिटल्याचंही नाही.

४

माझी खात्री होती, हे मुद्दाम चाललं आहे. मला हाकलून लावायचं आहे. चांगल्या गोष्टीची चेष्टा केली की ती मरते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शब्द पुन्हा आला. मग पुन्हा. कधी काम चालू असताना, कधी नुसते बसलेले असताना. एकदा रंगारी आपल्या मुलीच्या शाळेची काहीतरी गोष्ट सांगत खो खो हसत होता. शब्द आला आणि सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी तसेच राहिले. हसू संपलं होतं, पण दात तसेच दिसत होते. मी त्यांच्या समोर उभी होते. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले, फक्त डोळे, आणि त्यांच्यात इतका द्वेष होता की मला मान फिरवावीशी वाटली.

मला मान फिरवता आली नाही.

आधी मला वाटलं, मी स्वतःच फिरवत नाहीये, शिस्त म्हणून. मग मी खरोखर प्रयत्न केला. मान हलली नाही. हे सरावाने होतं, मी मनात म्हणाले. शरीराला सवय लावली की ते मनाच्या आधी वागतं, यात गूढ काही नाही. हे मी मनात अगदी नीट, मुद्देसूद म्हणत असताना मला उतारावर आवाज ऐकू आला. ओलं पोतं कुणी थोडंथोडं ओढावं, तसा. आम्ही सगळे थांबलो होतो. पण काहीतरी थांबलेलं नव्हतं.

“चला.”

रंगाऱ्याने हातातला डबा फेकला, माझ्या पायाजवळ. निळा रंग माझ्या सलवारीवर उडाला. “पुसून टाका तो शब्द!” तो म्हणाला. “श्वास अडकला होता माझा. श्वास! ऐकता का?”

“घाबरलास म्हणून.”

“हो, घाबरलोच. तुम्ही नाही घाबरलात?”

मी उताराकडे पाहत होते. नवा डाग आदल्या डागाच्या वर होता. शेडच्या दाराशी येऊ लागला होता.

५

मी दादा-वहिनीकडेच राहते. संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा खिडकीत बसून आपला उरलेला डावा हात चोळत होता. गार हवेत त्याची नसलेली बोटं दुखतात.

“तो शब्द काढून टाक,” तो म्हणाला.

“तूसुद्धा?”

“लोक म्हणतात—”

“लोक काय वाटेल ते म्हणतात! तुझी बोटं गेली तेव्हा लोक काय म्हणाले होते? नशीब. दादा, त्या दिवशी हा शब्द असता, तर तुझा हात आज पूर्ण असता. मी त्यासाठीच आले ना तिथे?”

“माझ्यासाठी आलीस, की स्वतःचं खरं करायला?” वहिनी घडी घालता घालता म्हणाली. तिचं बोलणं असंच, आवाज न चढवता. “दोन बोटं गेली, त्याची मला सवय झाली. नवऱ्याची सवय मोडायची वेळ आणू नकोस, म्हणजे झालं.”

“वहिनी, एका खोट्या हाकेसाठी मी खरी हाक बंद करू? उद्या कुणाला खरंच ओरडायचं असेल, तेव्हा?”

दादाने खिडकी ओढून घेतली. मग म्हणाला, “मी खाली असतो तेव्हा तो ऐकू येतो.”

“कुठे खाली?”

“पाण्यात. डोकं पाण्याखाली असताना. नळीचं खालचं तोंड भरतीला बुडतं ना, त्याच्या आसपास. आणि तो वर पाठवायच्या आधी येतो, बरं का. आधी कुणीतरी तो एकदा हळू म्हणून बघतं. नीट जमतोय का, तसा.”

“पाण्यात कानांना दडे बसतात,” मी म्हणाले.

“बसतात,” दादा म्हणाला, आणि पुन्हा हात चोळू लागला.

६

दुसऱ्या दिवशी मी लाकडी बूच तासून घेतलं आणि ओहोटीला खाली उतरून नळीच्या खालच्या तोंडात हातोडीने ठोकलं. वर डांबराचं फडकं, त्यावर तारेचे वेढे. उरलेल्या दोन तोंडांपाशी मी एकेक खुर्ची ठेवली. शेडच्या दारात मुकादमाला बसवलं, मध्यावर झाडूवालीला. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. म्हणजे आता चोर सापडलाच.

“मला खुर्ची?” मुकादम म्हणाला. “आईने पाहायला हवं होतं.”

मी विंचच्या खोलीत गेले. भरदुपार होती. पत्रा तापून टकटक वाजत होता. घोरपड दांड्याला हात लावून बसला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. पूर्वीसारखा तो थांबायला मिळतं म्हणून खूशही नव्हता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता दांडा सोडला तरी वाकलेलीच राहायची. जेवताना तो डाव्या हाताने घास घ्यायचा.

मी नळीपाशी उभी राहिले आणि कान लावला.

नळीत नेहमी समुद्राच्या शिंपल्यासारखा घूं असा आवाज असतो. बुचामुळे तो मंद झाला होता. खालून झाडूवालीचं खोकणं आलं. मुकादमाने खुर्ची सरकवली. मग हे आवाजही बुजत गेले, कुणी रजई पांघरावी तसे, आणि नळी एकदम जवळची वाटू लागली. म्हणजे तिची लांबीच नाहीशी झाली. माझा कान पितळेला होता आणि पितळेच्या पलीकडे, अगदी बोटभर अंतरावर, शांतता होती. पण ती रिकामेपणाची नव्हती. फोनवर पलीकडचा माणूस न बोलता ऐकत असतो, तेव्हा जी असते, ती.

तिथे कुणीतरी माझ्यासारखंच कान लावून उभं होतं.

मी डोकं मागे घेतलं. पितळेवर ओल होती. माझ्या कानाचीच असेल. घामाची.

“ऐकलंस?” घोरपड म्हणाला. कित्येक दिवसांनी तो माझ्याशी बोलला. “मलाही वाटायचं की ते बोलतं. ते बोलत नाही गं. ते नुसतं ऐकतं, आणि मग आपल्याच तोंडचं आपल्याला परत देतं. तू आम्हाला तो शब्द शिकवलास ना, रोज रोज, नळीत तोंड घालून...”

त्याने वाकलेल्या बोटांनी दांडा पुन्हा धरला.

त्या दिवशी शब्द आला नाही. संध्याकाळी मी खाली जाऊन बूच पाहिलं. डांबराचं फडकं जागेवर होतं, तारही. पण लाकूड नळीच्या आतून फुगून बाहेर आलं होतं, आतल्या बाजूने पाणी प्यायल्यासारखं. नळी वर चढत जाते. पाणी आतून येणार तरी कुठून?

मी मालकाला सांगितलं की नळी काढू आणि सगळीकडे दिवे लावू, लाल आणि हिरवे. तो म्हणाला, “उद्याची बोट घेऊन टाका, मग काय तो गोंधळ घाला.” मी हो म्हणाले. एक दिवसाचा तर प्रश्न होता.

७

ती बोट जड होती. गाड्यावर बसताना ती थोडी कलली. दादा हवेची नळी तोंडात धरून खाली गेला. त्याच्या कमरेला खुणेचा दोर बांधलेला असतो. दोराचं दुसरं टोक मुकादमाच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे. सलग हिसके म्हणजे गाडा वर घ्या, ताबडतोब.

मी घोरपडीजवळ होते, पितळी नळीत तोंड घालून.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“बसतेय, बसतेय,” मुकादमाचा आवाज. मग तो एकदम बदलला. “ए, खेच! हिसके देतोय तो! हवेची नळी बोटीखाली दबली, बुडबुडे बंद झालेत! खेच, खेच!”

घोरपडीने दांडा ओढला. विंच फिरली. वायर ताणली गेली, गाडा खालून कण्हला, हलला.

“अव्हास्ट.”

विंच थांबली.

आवाज दादाचा होता. आजवर सगळे आवाज एकसारखे करणाऱ्या नळीतून तो स्पष्ट, ओळखू येणारा, दादाचा आला होता. मी तो लहानपणापासून ऐकत आले आहे. थोडा घोगरा, शेवटी किंचित वर जाणारा.

खालून मुकादमाचं ओरडणं थांबलं. सगळंच थांबलं. घोरपड डोळे विस्फारून माझ्याकडे पाहत होता आणि त्याची छाती वरखाली होत नव्हती. माझे हात नळीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले होते. मन मात्र धावत होतं. हा खरंच दादा असेल, तर गाडा त्याच्या अंगावर येतोय आणि ओढलं तर तो चिरडेल. हा शब्द मी त्याच्यासाठीच तर आणला होता! पण दादा पाण्याखाली आहे. पाण्याखालचा माणूस बोलत नाही. तिथलं तोंड मी बूच ठोकून बंद केलं आहे. म्हणून हा दादा नाही. म्हणून ओढायला हवं. म्हणून घोरपडीला सांगायला हवं. पण सांगून काय होणार? त्याने ऐकलं तरी तो हलू शकत नव्हता. ज्याने थांबवलं त्यानेच सोडवायचं.

उतारावर ओलं पोतं ओढल्यासारखा आवाज सुरू झाला. शेडच्या आत. जिन्याकडे. त्याला घाई नव्हती. त्याच्यासाठी तर सगळं थांबलेलं होतं.

माझी जीभ तेवढी माझी होती. शब्द आला तेव्हा मी बोलायच्या बेतातच होते.

“मी म्हटलं होतं,” मी नळीत म्हणाले. ओठ बधिर होते. “तो शब्द मी म्हटला. माझा आहे तो. माझा.”

जिन्यावरचा आवाज थांबला.

मग नळीतून, बोटभर अंतरावरून, माझा स्वतःचा आवाज आला. सावकाश, प्रत्येक अक्षर चाखत. “माझा आहे तो. माझा.”

“चला!” मी किंचाळले.

घोरपडीने एवढा मोठा श्वास घेतला की तो रडल्यासारखा वाटला. विंच फिरली. मी जिना उतरून धावले. पायऱ्या ओल्या होत्या. अर्ध्या जिन्यापर्यंत ओल्या होत्या, त्यावर कोरड्या. दादाला त्यांनी उतारावर पालथं घातलं होतं. ओठ निळे. मुकादम त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाबत होता आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मग दादा खोकला. पाणी ओकला. डोळे उघडले.

तो जगला. हे मी पुन्हा सांगते, कारण बाकी सगळं विसरायचं ठरवलं तरी हे खरं आहे. तो जगला.

८

नळी उपटून काढली. पितळेचे तुकडे गाडीत घालून कुठेतरी पाठवले. भिंतीवर मी रंगवलेला शब्द रंगाऱ्याने तीन हात देऊन झाकला, आणि देताना माझ्याकडे पाहून थुंकला. लाल-हिरवे दिवे लागले. मला कामावरून काढलं नाही, पण कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मी समोर येताना दिसले की माणसं बोलणं थांबवायची आणि मग आपण थांबलो या भीतीने घाईघाईने पुन्हा काहीतरी बोलू लागायची.

दादा घरी होता. छाती अजून दुखायची, पण रंग परतला होता. त्या सकाळी ऊन छान पडलं होतं. वहिनी ओट्यापाशी पातेल्यात पाणी भरत होती. दादा टेबलाशी बसून एका हाताने वर्तमानपत्राची घडी उलगडत होता. किती दिवसांनी वहिनी थट्टेत बोलली. “बघ, पाण्यातून वाचला आणि आता चहात बुडायला बसलाय. तिसरा कप आहे.”

“चौथा,” दादा म्हणाला.

मला हसू आलं. मी म्हणणार होते, वहिनी, मलाही दे. एवढंच. मी तोंड उघडलं.

“अव्हास्ट,” मी म्हणाले.

दादाचा हात वर्तमानपत्रावर थांबला. वहिनीचा नळावर. पातेलं भरलं, पाणी काठावरून सांडू लागलं, ओट्यावरून ओघळून तिच्या पायांवर पडू लागलं आणि ती हलली नाही. तिचं हसू अजून तिच्या गालावर होतं.

मी तो म्हणायचं ठरवलं नव्हतं. तो माझ्या आवाजात, माझ्या घशातून, माझ्या जिभेवरून आला होता. थोडा सावकाश. बाकी अगदी माझा.

माझ्या पाठीमागे न्हाणीघराचं दार आहे. तिथे काहीतरी ओलं, जड, फरशीवर ओढलं गेलं. थांबलं. पुन्हा ओढलं गेलं. मला मान वळवता येत नव्हती. समोर, फडताळात, स्टीलच्या डब्याचं झाकण उभं ठेवलेलं होतं आणि त्यात माझ्या खांद्यामागचं दार वाकडंतिकडं दिसत होतं. दारात कुणीतरी होतं. चेहरा दिसत नव्हता, कारण त्याने चेहरा आमच्याकडे केलाच नव्हता. डोकं एका बाजूला कलतं करून त्याने आमच्याकडे कान केला होता. एवढंच मी पाहिलं. मग झाकणावर वाफ आल्यासारखी ओल धरली.

दादा माझ्याकडे पाहत होता. त्याची छाती हलत नव्हती. ओठांच्या कडेला तो निळा रंग पुन्हा येऊ लागला होता.

‘चला’ म्हणायला हवं होतं. ज्याने थांबवलं त्यानेच. नियम माझा होता, शब्द माझा होता, मी तसं स्वतः नळीत तोंड घालून सांगितलं होतं. माझ्या जिभेवर काहीतरी जमू लागलं होतं, गार आणि खारट. दोन शब्दांतला कुठला, ते मला कळत नव्हतं.

मी तोंड उघडलं.